तारखेला वाली लागतो : १ ऑगस्टचा आढावा

महाराष्ट्रातल्या शाळांत रोज सकाळी परिपाठ होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, बोधकथा, ठळक बातम्या आणि या सगळ्यांत कुठेतरी दिनविशेष. एक मुलगा किंवा मुलगी पुढे येते, वहीतून चार ओळी वाचते : आजच्या दिवशी अमुक साली अमुक घडलं, अमुक जन्मले, अमुक वारले. मग रांगा वर्गाकडे वळतात. हाच मजकूर वर्तमानपत्रांच्या चौकटीत असतो, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत असतो आणि आता पहाटेपासून मोबाइलवर फिरत असतो. वाचणारा पुष्कळ वाचतो, पण एक प्रश्न सहसा विचारत नाही. वर्षाच्या कुठल्याही तारखेला जगात हजारो गोष्टी घडून गेलेल्या असतात. त्यातल्या या दहा-बाराच यादीत का आल्या आणि बाकीच्या का गेल्या?

या प्रश्नाचा माग एकाच तारखेच्या आधारे काढायचा, तर १ ऑगस्टइतकी सोयीची तारीख क्वचित सापडेल. या एका दिवसात लोकमान्यांची पुण्यतिथी आहे, अण्णा भाऊ साठ्यांची जयंती आहे, तहसील कचेरीतला महसूल दिन आहे, कॅरिबियन बेटांचा मुक्तिदिन आहे, वॉर्सातला भोंगा आहे, चिनी सैन्याचा झेंडा आहे. या सगळ्या नोंदी एका जातीच्या नाहीत. काही त्या दिवशी खरोखरच घडल्या. काही त्या दिवशी घडाव्यात असं आधीच ठरवलं होतं. काही मागाहून त्या दिवसाला चिकटवल्या गेल्या. तिन्ही प्रकारांत एक गोष्ट मात्र समान दिसते. ज्या घटनेला वाली मिळाला, ती तारखेत टिकली. तो वाली कधी सरकार असतं, कधी समाज, कधी संघटना, कधी नुसतेच स्मशानात दिवा लावणारे नातेवाईक.

एकच दिवस, एकच साल

१ ऑगस्ट १९२० हा दिवस मराठी माणसासाठी विलक्षण आहे. त्या दिवशी मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात मध्यरात्र उलटून गेल्यावर बाळ गंगाधर टिळकांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र येण्याआधीच शहर रस्त्यावर आलं होतं. पावसात लाखोंची अंत्ययात्रा निघाली आणि खास परवानगी घेऊन गिरगाव चौपाटीवर अग्निसंस्कार झाला. ज्यांनी खांदा दिला त्यांत गांधी होते.

त्याच दिवशी गांधींचं स्वतःचंही एक काम ठरलेलं होतं. खिलाफतीच्या प्रश्नावर असहकार सुरू करण्याची तारीख म्हणून १ ऑगस्ट आधीच जाहीर झाली होती. त्या दिवसाच्या तारखेचं पत्र लिहून त्यांनी कैसर-ए-हिंद हे सुवर्णपदक आणि दक्षिण आफ्रिकेतल्या कामगिरीबद्दल मिळालेली पदकं व्हाइसरॉयकडे परत पाठवली. काँग्रेसची संमती पुढे सप्टेंबरमध्ये कलकत्त्याला आणि डिसेंबरमध्ये नागपूरला मिळाली. एका पर्वाचा शेवट आणि दुसऱ्याचा आरंभ एकाच दिवशी झाला असं इतिहासाची पुस्तकं सांगतात, आणि ते खरं आहे. पण यातलं टिळकांचं जाणं कुणी ठरवलं नव्हतं, आणि असहकाराचा आरंभ ठरवूनच झाला होता. ‘घडलेली’ आणि ‘ठरवलेली’ अशा दोन नोंदी एकाच ओळीत बसल्या आहेत.

तिसरी नोंद त्या दिवशी कुणाच्या गावीही नव्हती. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या, आज सांगलीत असलेल्या वाटेगावात मांगवाड्यात एक मूल जन्माला आलं. तुकाराम भाऊराव साठे. पुढे हे कुटुंब पोटासाठी पायी मुंबईला आलं, आणि शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेला हा मुलगा गिरणी, चळवळ आणि तमाशाचा फड यांतून अण्णा भाऊ साठे झाला. १९४४ मध्ये अमर शेख आणि दत्ता गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात छक्कड आणि लावण्या गाजवल्या, १९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं आणि १९५९ मध्ये आलेली ‘फकिरा’ डॉ. आंबेडकरांना अर्पण केली. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले, ते हलाखीतच.

आज महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांत आणि ग्रामपंचायतींत १ ऑगस्टला दोन तसबिरी शेजारी ठेवल्या जातात, दोन्हींना हार घातले जातात, आणि फलकावर ‘पुण्यतिथी व जयंती’ असं एका दमात लिहिलं जातं. मात्र या दोन तसबिरी एकाच वेळी टेबलावर आलेल्या नाहीत. टिळकांची पुण्यतिथी पहिल्याच वर्षी सार्वजनिक झाली. ३१ जुलै १९२१ रोजी, पहिल्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी, मुंबईत परळला परदेशी कापडाची प्रचंड होळी पेटली. त्यांच्या नावाने एक कोटी रुपयांचा टिळक स्वराज्य फंड उभारला गेला होता. वृत्तपत्र, संस्था, अनुयायी आणि काँग्रेससारखा देशव्यापी पक्ष असे चार-चार वाली या तारखेला पहिल्या दिवसापासून होते. १९८३ पासून पुण्यात याच दिवशी टिळकांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो.

अण्णा भाऊंच्या जयंतीला असं काही आयतं मिळालं नाही. ती मातंग वस्त्यांतून, तरुण मंडळांच्या वर्गणीतून, शाहिरांच्या कार्यक्रमांतून वर आली. १९८५ मध्ये त्यांच्या नावाचं विकास महामंडळ स्थापन झालं, १ ऑगस्ट २००२ रोजी टपाल तिकीट निघालं, २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा बसला. सरकारी मान्यता समाजाच्या मागोमाग आली. आज कितीतरी गावांत १ ऑगस्टची मिरवणूक ही अण्णा भाऊंची असते, आणि टिळकांची आठवण शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेपुरती उरलेली असते. एकाच तारखेवर वजन एका तसबिरीकडून दुसरीकडे कसं सरकतं, हे शंभर वर्षांत इतकं स्पष्ट दिसावं अशी उदाहरणं थोडी.

या तारखेला आणखी एका गोष्टीने हात दिला : शाळेचं वेळापत्रक. विदर्भ सोडला तर जूनच्या मध्यावर आणि विदर्भात जूनअखेर शाळा उघडतात. ऑगस्ट उजाडेपर्यंत वर्ग स्थिरावलेले असतात, परीक्षा लांब असते, आणि पावसामुळे मैदानी कार्यक्रम शक्य नसतात. भाषणं पाठ करायला याहून चांगला मुहूर्त नाही. टिळकांची शेंगदाण्यांच्या टरफलांची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या तोंडी राहिली, त्यात गोष्टीच्या गुणाइतकाच कॅलेंडरचाही वाटा आहे. हीच पुण्यतिथी मेमध्ये आली असती, तर ती सुट्टीत वाहून गेली असती.

आणि टिळकांबद्दल हे म्हणताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. दिवसाला सार्वजनिक रूप कसं द्यायचं, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणालाच कळलं नव्हतं. घराघरातला गणपती मांडवात आणणारे आणि १८९६ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा उत्सव भरवणारे तेच. तारखेला वाली लागतो, हे सूत्र त्यांनी आधी स्वतः वापरलं आणि मग ते त्यांच्याच पुण्यतिथीला लागू पडलं.

मुळात दिवस कुठला?

टिळक गेले तेव्हा घड्याळात साडेबारा वाजून गेले होते. इंग्रजी हिशोबाने तो रविवार, १ ऑगस्ट. पण आपल्या जुन्या हिशोबात वार सूर्योदयाला बदलतो. त्या दृष्टीने ती शनिवारचीच रात्र होती. पंचांगशुद्धीसाठी आयुष्यातली कित्येक वर्षं खर्च केलेल्या, ज्यांच्या नावाने आजही टिळक पंचांग निघतं, अशा माणसाची पुण्यतिथी देश मध्यरात्रीला दिवस बदलणाऱ्या कॅलेंडरप्रमाणे पाळतो, यातला विरोधाभास लहान नाही. घरातलं श्राद्ध तिथीवर, बाहेरची पुण्यतिथी तारखेवर, अशी दुहेरी व्यवस्था मराठी समाजाने बहुतेक थोर माणसांसाठी न बोलता स्वीकारली आहे. जिथे ती स्वीकारली गेली नाही, तिथे काय होतं ते ‘शिवजयंती तिथीने की तारखेने’ या वादात दिसलंच. शिवाय तिथे आणखी एक पेच आहे. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्यूलियन कॅलेंडरातली. आज आपण वापरतो त्या ग्रेगरियन कॅलेंडरात तोच दिवस १ मार्चला येतो.

म्हणजे दिनविशेषातली जुनी तारीख वाचताना ती कुठल्या कॅलेंडरातली, हे आधी पाहावं लागतं. १ ऑगस्टचंच दुसरं उदाहरण स्वित्झर्लंडचं. या देशाचा राष्ट्रीय दिन १ ऑगस्ट, कारण १२९१ साली तीन डोंगरी प्रदेशांनी परस्परांच्या रक्षणाचा करार केला. पण त्या लॅटिन करारपत्रावर दिवस नाहीच. ऑगस्टच्या आरंभी, एवढाच उल्लेख आहे. सहाशे वर्षं उलटल्यावर, १८९१ च्या सोहळ्यासाठी १ तारीख पक्की केली गेली. सर्वांना पगारी सुट्टी तर १९९३ मधल्या सार्वमतानंतर, १९९४ पासून मिळाली. करार तेराव्या शतकातला, तारीख एकोणिसाव्या आणि सुट्टी विसाव्या शतकातली. एका राष्ट्राला आपला वाढदिवस हवा होता, म्हणून त्याने तो ठरवला. त्यात खोटं काही नाही, पण ‘१ ऑगस्ट १२९१ रोजी स्वित्झर्लंडची स्थापना’ ही ओळ वाटते तितकी सरळही नाही.

पहिल्या तारखेचं राज्य

दिनविशेषांत महिन्याच्या पहिल्या तारखेची गर्दी नेहमीच जास्त असते. त्यामागे नियतीचा हात नसतो, कारकुनाचा असतो. कायदे, महामंडळं, जिल्हे, वेतनश्रेणी हे सगळं पहिल्या तारखेपासून लागू करणं हिशोबाला सोयीचं पडतं.

महाराष्ट्रात तर १ ऑगस्टला स्वतंत्र अर्थ आहे. राज्याचं महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं आणि ३१ जुलैला संपतं. वसुली, गाव नमुने, जमाबंदी यांचा जुना हिशोब मिटवून तलाठी आणि तहसीलदार या दिवशी नवा हिशोब उघडतात. आर्थिक वर्ष एप्रिलला, शैक्षणिक वर्ष जूनला आणि महसुली वर्ष ऑगस्टला, असा हा तिहेरी कारभार. १ ऑगस्ट हा महसूल दिन म्हणून साजरा होतो, उत्कृष्ट कर्मचाऱ्यांचे सत्कार होतात, आणि २०२३ पासून त्याला सप्ताहाचं रूप आलं आहे. दाखले, सातबारा दुरुस्ती आणि जमिनीचे फेरफार यांसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्या माणसाला या दिनाची माहिती नसेल, पण त्याच्या कागदावरचं वर्ष याच दिवशी बदलतं.

२०१४ मध्ये ठाण्याचं विभाजन होऊन पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला, तोही १ ऑगस्टलाच. वसईपासून तलासरीपर्यंत आणि जव्हार-मोखाड्यापासून किनाऱ्यापर्यंतच्या आठ तालुक्यांचा हा जिल्हा महसुली वर्षाच्या पहिल्या दिवशी जन्मला. जिल्ह्यांच्या जन्मतारखा पाहिल्या तर पहिल्या तारखेची ही ओढ लगेच दिसते : सिंधुदुर्ग आणि जालना १ मे १९८१, वाशीम आणि नंदुरबार १ जुलै १९९८, हिंगोली आणि गोंदिया १ मे १९९९. देशाच्या पातळीवर १ ऑगस्ट १९५३ रोजी हवाई वाहतुकीचं राष्ट्रीयीकरण अमलात आलं आणि आठ खासगी कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. १ ऑगस्ट १९५७ रोजी नॅशनल बुक ट्रस्टची स्थापना झाली. या नोंदी खऱ्या आणि नेमक्या आहेत. पण त्यांच्या जयंतीला कोणी ढोल वाजवत नाही, कारण संस्थेचे कर्मचारी सोडले तर त्या तारखेत कुणाचा जीव गुंतलेला नाही.

ज्या तारखेने माणसं मोकळी झाली

सरकारी पहिली तारीखसुद्धा लोकांच्या काळजाला भिडू शकते, याचा पुरावा कॅरिबियन बेटांवर आहे. ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला आणि तो १ ऑगस्ट १८३४ पासून अमलात आला. सुमारे आठ लाख माणसं कायद्याने गुलाम राहिली नाहीत. नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड दिले गेले, पण ते गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना. सहा वर्षांखालची मुलं तेवढी लगेच मुक्त झाली. बाकीच्यांना ‘उमेदवार’ म्हणून त्याच मालकाकडे बिनपगारी राबावं लागलं. या व्यवस्थेविरुद्ध इतका असंतोष झाला की ती मुदतीआधीच, १ ऑगस्ट १८३८ रोजी, गुंडाळावी लागली. खरी मुक्ती या दुसऱ्या १ ऑगस्टची.

या तारखेचा वारसा पुढेही सरळ चालला नाही. जमैकाला १९६२ मध्ये स्वातंत्र्य मिळालं, तेव्हा मुक्तिदिनाची सुट्टी स्वातंत्र्यदिनात विरघळून गेली. ती १९९७ मध्ये पुन्हा सुरू करावी लागली. त्रिनिदाद आणि टोबॅगोने १९८५ मध्ये ती राष्ट्रीय सुट्टी केली. वाली पुढे आले तेव्हा तारीख परत आली. याच दिवशी १९२४ मध्ये बार्बाडोसमध्ये फ्रँक वॉरेल जन्मले. वेस्ट इंडीजचे पहिले नियमित कृष्णवर्णीय कर्णधार मुक्तिदिनाला जन्मावेत, हा मात्र निखळ योगायोग. १९६२ च्या दौऱ्यात बार्बाडोसला भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला वेगवान गोलंदाज ग्रिफिथचा चेंडू लागला, तेव्हा रक्त देणाऱ्यांत वॉरेल होते. भारतात त्यांची आठवण १ ऑगस्टला निघत नाही. बंगालची क्रिकेट संघटना ३ फेब्रुवारीला रक्तदान शिबिर भरवून फ्रँक वॉरेल दिन पाळते. ज्याने दिवस पाळला, त्याने आपल्या सोयीची तारीख निवडली.

गुलामगिरी रद्द करणाऱ्या त्या कायद्याचा दुसरा पैलू आपल्या अधिक जवळचा आहे. तो सगळ्या वसाहतींत एकाच दिवशी लागू झालाच नाही. केप कॉलनीत तो १ डिसेंबर १८३४ ला, मॉरिशसला १ फेब्रुवारी १८३५ ला अमलात आला. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख तर कायद्याने वगळलाच होता. मॉरिशसच्या मळेवाल्यांनी गुलामांची जागा भरून काढायला भारतातून करारबद्ध मजूर आणले. त्यांत रत्नागिरी आणि कोकणपट्टीतली मराठी माणसं होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. कायदा तिथे फेब्रुवारीत लागू झाला, म्हणून मॉरिशसच्या कॅलेंडरात १ ऑगस्टला काही नाही. तिथे १ फेब्रुवारी गुलामीमुक्तीचा आणि २ नोव्हेंबर मजुरांच्या आगमनाचा. कायदा एक, पण प्रत्येक बंदराची तारीख वेगळी.

आणि भारताचं काय? कंपनी सरकारने १८४३ चा पाचवा कायदा करून इथल्या गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. तारीख ७ एप्रिल. त्या दिवशी आपल्या यादीत ‘जागतिक आरोग्य दिन’ असतो, या कायद्याचं नाव नसतं. तो कायदा अर्धामुर्धा होता, त्याने कुणाला मालकाच्या शेतातून उठवून दिलं नाही, त्यासाठी कुणी लढा उभारला नव्हता. त्यामुळे आपला म्हणून त्याला जवळ करणारा समाजही तयार झाला नाही. वाली नसलेली तारीख म्हणजे काय, याचं याहून नेमकं उदाहरण मिळायचं नाही.

युद्धांच्या नोंदी

जगाच्या इतिहासातल्या १ ऑगस्टवर युद्धाची छाया दाट आहे. १९१४ मध्ये या दिवशी जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. पण पहिल्या महायुद्धाचा आरंभ नेमका कुठला, हे देशागणिक बदलतं. ऑस्ट्रियाने सर्बियावर २८ जुलैला, जर्मनीने फ्रान्सवर ३ ऑगस्टला आणि ब्रिटनने जर्मनीवर ४ ऑगस्टला युद्ध जाहीर केलं. प्रत्येक पाठ्यपुस्तक आपापली तारीख मोठ्या अक्षरात छापतं.

१ ऑगस्ट १९२७ रोजी चीनमध्ये नानचांगला कम्युनिस्टांनी उठाव केला. काही दिवसांतच त्यांना शहर सोडावं लागलं. लढाई म्हणून तो फसलेला प्रयत्न. पण पुढे सत्ता मिळाली, आणि त्याच दिवसाला सैन्याचा स्थापना दिन ठरवून ‘आठ-एक’ ही चिनी अक्षरं, म्हणजे आठव्या महिन्याचा पहिला दिवस, थेट सैन्याच्या झेंड्यावर चढली. विजेत्याकडे सत्ता असली की पराभवाची तारीखही विजयाची होऊ शकते.

वॉर्साचं उदाहरण याच्या अगदी उलट आहे. १ ऑगस्ट १९४४ रोजी संध्याकाळी पाच वाजता पोलंडच्या भूमिगत सैन्याने नाझी ताब्याविरुद्ध उठाव केला. तो ६३ दिवस चालला. सुमारे दोन लाख नागरिक मारले गेले आणि शहर पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केलं गेलं. युद्धानंतर आलेल्या कम्युनिस्ट राजवटीला त्या सैन्याची आठवण नको होती. सरकारी कॅलेंडर गप्प राहिलं, तेव्हा लोक स्मशानभूमीत कबरींवर दिवे लावत राहिले. मोठं स्मारक उभं राहायला १९८९ उजाडावं लागलं, संग्रहालय २००४ मध्ये आलं, आणि २००९ मध्ये हा राष्ट्रीय स्मरणदिन झाला. आज तिथे पाच वाजता भोंगे वाजतात आणि शहर मिनिटभर जागच्या जागी उभं राहतं. त्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक स्त्रिया आणि मुलं, राहत होते. १९४३ ते १९४८ ही वर्षं त्यांनी पंचगंगेच्या आसपास काढली. वॉर्साची नोंद आपल्या दिनविशेषात परकी वाटत असेल, तर हा धागा सांगितला की ती तशी राहत नाही.

शोधाला जन्मतारीख असते का?

विज्ञानाच्या नोंदी सर्वांत नेमक्या असाव्यात असं वाटतं, पण तिथेच जास्त गुंता असतो. १ ऑगस्ट १७७४ रोजी इंग्लंडमध्ये बोवूड हाउस इथे जोसेफ प्रीस्टली यांनी मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचं तांबडं भस्म तापवलं. निघालेल्या वायूत मेणबत्ती विलक्षण तेजाने जळू लागली. म्हणून हा प्राणवायूच्या शोधाचा दिवस. पण स्वीडनच्या शील यांनी हा वायू त्याआधीच मिळवला होता, त्यांचं पुस्तक मात्र १७७७ मध्ये छापून आलं. प्रीस्टली स्वतः शेवटपर्यंत जुन्या फ्लॉजिस्टन सिद्धान्ताला धरून राहिले. हा वायू म्हणजे स्वतंत्र मूलद्रव्य आहे आणि ज्वलन त्याच्यामुळे होतं, हे फ्रान्सच्या लाव्हाझिएंनी ओळखलं. ज्याला आधी मिळाला, ज्याने आधी सांगितला आणि ज्याला कळला ते तिघे वेगळे. तारीख ज्याच्या वहीत नेमकी होती, त्याची राहिली. शंभर वर्षांनी, १८७४ मध्ये, प्रीस्टलींच्या अमेरिकेतल्या घरी रसायनशास्त्रज्ञ या शताब्दीसाठी जमले. तिथल्या गप्पांतून दोन वर्षांत अमेरिकन केमिकल सोसायटी निघाली. कधी संस्था तारखेला जगवते, तर कधी तारीखच संस्थेला जन्म देते.

वाढदिवस आणि पाळायचे दिवस

जन्माच्या नोंदींत १ ऑगस्ट चांगला भरलेला आहे. जीवशास्त्रज्ञ लामार्क (१७४४), ‘मोबी डिक’चे लेखक हर्मन मेलव्हिल (१८१९), काँग्रेस नेते पुरुषोत्तमदास टंडन (१८८२), ‘अलबेला’मधल्या नाचाने चाळीपासून बंगल्यापर्यंत सर्वांना डोलायला लावणारे भगवान आबाजी पालव म्हणजे आपले भगवानदादा (१९१३), आणि अभिनेत्री मीनाकुमारी (१९३३). अशा याद्या वाचताना आपल्याकडची एक गोष्ट लक्षात ठेवावी. ज्या पिढ्यांत बाळ घरी जन्मायचं, तिथे जन्मतारीख बहुधा शाळेत नाव घालताना ठरायची. गुरुजींनी प्रवेशाच्या वयात बसवण्यासाठी लिहिलेल्या १ जूनमुळे महाराष्ट्रात त्या एका दिवशी वाढदिवसांचा पूर येतो. समाजमाध्यमांवर दरवर्षी त्याची थट्टा होते, पण तिच्यामागे निरक्षर आई-बापांचा आणि पहिल्यांदाच शाळेची पायरी चढलेल्या पोरांचा इतिहास आहे.

राहिले पाळायचे दिवस. त्यांची गुणवत्ता एकसारखी नाही. १ ते ७ ऑगस्ट हा जागतिक स्तनपान सप्ताह. त्याची मुळं १९९० मध्ये फ्लॉरेन्सला झालेल्या जाहीरनाम्यात आहेत, १९९२ पासून तो पाळला जातो, आणि आपल्या अंगणवाड्यांत त्या आठवड्यात खरोखर काम होतं. १ ऑगस्ट १९०७ ला बेडन-पॉवेल यांचं ब्राउनसी बेटावरचं शिबिर सुरू झालं, म्हणून जगभरचे स्काउट त्या दिवशी स्कार्फ बांधतात. हे दिवस आपापल्या मूळ घटनेला चिकटून आहेत. याउलट याच तारखेला ‘वर्ल्ड वाइड वेब दिन’ फिरतो. वेबचा मूळ प्रस्ताव मार्च १९८९ चा, तिची जाहीर ओळख ६ ऑगस्ट १९९१ ची, ती सर्वांना मोफत झाली ३० एप्रिल १९९३ ला. यांतलं काहीही १ ऑगस्टचं नाही. एकाने टाकलं, दुसऱ्याने पुढे ढकललं आणि दिन तयार झाला.

सरकारी दिनांत ‘मुस्लिम महिला हक्क दिन’ आहे. तिहेरी तलाकविरोधी कायद्याला ३१ जुलै २०१९ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, त्यानंतरच्या वर्षापासून केंद्र सरकार १ ऑगस्टला हा दिन साजरा करतं. मराठी वाचकाला इथे दुसरी तारीख आठवायला हवी : १८ एप्रिल १९६६. त्या दिवशी समाजसुधारक हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत सचिवालयावर मोर्चा नेला होता. तोंडी तलाक बंद व्हावा, ही मागणी त्यातही होती. त्या मोर्चाला सत्तेचा वाली नव्हता, म्हणून १८ एप्रिल परिपाठात ऐकू येत नाही.

नवी नोंद, जुनी तारीख

दिनविशेष ही संपलेली यादी नव्हे. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला की राज्यांना अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण करता येईल. २००४ चा विरोधी निकाल रद्द झाला. महाराष्ट्रात या वर्गीकरणाची मागणी मातंग समाजाने वर्षानुवर्षं लावून धरली होती, आणि अनुसूचित जातींतल्याच अनेकांचा तिला तितकाच ठाम विरोध होता, आजही आहे. न्यायालयाने तारीख अण्णा भाऊंची जयंती पाहून निवडलेली नाही. पण त्या दिवशी जयंतीच्या मांडवांत ही बातमी पोचली, आणि दोन गोष्टी एकत्र आठवल्या जाणार हे तिथेच ठरलं. विरोधकही ही तारीख विसरणार नाहीत, फक्त वेगळ्या कारणाने लक्षात ठेवतील. नोंद कशी घडते, ते इथे डोळ्यांसमोर दिसतं.

या सगळ्या आढाव्यातून दिनविशेषाच्या लेखकांसाठी, संपादकांसाठी आणि परिपाठ घेणाऱ्या शिक्षकांसाठी काही साध्या कसोट्या निघतात. घटना त्या दिवशी घडली, ठरवून घडवली, की मागाहून जोडली, हे एका शब्दात तरी सांगावं. जुन्या तारखेचं कॅलेंडर तपासावं. शोधाच्या नोंदीत दुसऱ्या दावेदाराचं नाव द्यावं. परदेशी नोंद घेताना तिचा आपल्याशी खरा धागा असेल तर तो जोडावा, नसेल तर ओढूनताणून आणू नये. आणि महिन्यातून एकदा तरी अशी एक नोंद घ्यावी, जिला कुणी वाली नाही : ७ एप्रिल १८४३ सारखी किंवा १८ एप्रिल १९६६ सारखी. गाजलेल्या नोंदींची काळजी त्यांचे वाली घेतच असतात. दिनविशेष लिहिणाऱ्याचा खरा उपयोग उरलेल्यांनाच आहे.